'इंजुरी नाही' : एका इंग्रजी क्रियापदाची जन्मकथा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफावे असा निरोप संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दिला, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले होते. आम्ही बँकेतले कारकून. नोटा मोजणे, स्लिपा तपासणे आणि रांगेतल्या माणसाला "थोडं थांबा" म्हणणे यात आमचा दिवस जातो. बी. ए. ला इंग्रजी साहित्य घेतले होते, एवढीच काय ती आमची शिदोरी. मुलांची इंग्रजीची भीती कशी जाईल यावर बोला, असे सुचवले गेले. एवढा मोठा विषय आमच्याने पेलणार नाही. म्हणून आम्ही एकच शब्द घेऊन आलो आहोत. शब्द आहे 'इंजुअर'. त्याचे नाम 'इंजुरी'.

समोर बसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारले तर तो सांगेल, इंजुअर म्हणजे जखमी करणे. क्रिकेटचा खेळाडू इंजुअर्ड झाला, अपघातात अमुक जणांना इंजुरी झाली, असे आपण रोज ऐकतो. आम्हीही शाळेत हाच अर्थ पाठ केला होता आणि त्याच अर्थाने एकदा आमच्या वडिलांना एक कागद वाचून दाखवला होता. तेथूनच सुरुवात केलेली बरी.

गोष्ट १९९४ सालच्या पोळ्याची. आमचे गाव आपल्याच जिल्ह्यातले, घाटावरचे. नाव घेण्याचे कारण नाही. बाबांनी बरीच वर्षे सालदारकी केली आणि त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची गोऱ्ह्यांची जोडी घेतली. पोळ्याला बाबांनी जोडी धुतली, शिंगांना बेगड लावली, मायने गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. पोळ्याच्या तोरणाखाली मानाचे बैल पुढे असतात आणि बाकीचे मागे, हे आपणांस सांगायला नको. आमच्या वस्तीचे बैल कुठे असत, हेही सांगायला नको. जोडी नवीन होती. ढोल वाजला तशी बुजली आणि रांग सोडून पुढे गेली. बाबा कासरा धरून मागे ओढत होते, पण व्हायचे ते होऊन गेले होते.

चार-पाच जणांनी बाबांना घेरले. कुणीतरी त्यांचा पटका काढून चिखलात टाकला. जातीचे नाव घेऊन शिव्या दिल्या. मग सगळ्या गावासमोर, तोरणाच्या खांबाशी, पाच वेळा वाकून माफी मागायला लावली. मारले कुणी नाही. अंगावर ओरखडाही उठला नाही. आम्ही तेव्हा नववीत होतो आणि दहा पावलांवर उभे होतो.

चुलते जरा धीट होते. ते दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन तक्रार द्यायला गेले, आणि आम्हाला शिकलेले म्हणून बरोबर घेतले. तेथून चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांनी सदरा काढायला लावला, पाठ पाहिली, दंड पाहिले आणि छापील कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहून दिली. तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली गेली. परतताना एस. टी. स्टँडवरच्या बाकावर बाबांनी तो कागद आमच्या हातात दिला.

"काय लिवलं रे यात?"

कागदावर लिहिले होते, 'नो एक्स्टर्नल इंजुरी'. वर्गात इंग्रजीत आम्ही पहिले. ऐटीत सांगितले, "बाहेरून जखम नाही, असं लिहिलंय."

बाबा बराच वेळ समोरच्या गाड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जखम नाही, म्हंजे काही झालंच नाही म्हना."

कागदाची घडी करून त्यांनी ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. दिवाळीच्या आधी गुरांच्या बाजारात जोडी विकून टाकली.

डॉक्टर खोटे बोलले नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांना अंगावरची जखम पाहायला सांगितले होते, ती नव्हती, त्यांनी तसे लिहिले. खरी चूक शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याची होती. म्हणजे आमची. हे कळायला आम्हाला सहा वर्षे लागली.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाड शब्दकोश चाळण्याची सवय लागली होती. त्यात एके दिवशी 'इंजुअर' समोर आला. शब्द मूळचा लॅटिन. त्याचे दोन तुकडे पडतात. 'इन' म्हणजे नाही, विरुद्ध; आणि 'यूस' म्हणजे हक्क, कायदा, न्याय. याच 'यूस'पासून 'जस्टिस' आला, 'जज' आला, 'जूरी' आली. या दोन तुकड्यांचा मिळून लॅटिनमध्ये 'इनयूरिया' झाला. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आधी नाम रुळले, आणि त्या नामापासून मागाहून क्रियापद तयार झाले. सुरुवातीला 'इंजुअर' म्हणजे एखाद्याच्या हक्काविरुद्ध वागणे, त्याच्यावर अन्याय करणे. हाडामांसाची जखम हा अर्थ नंतर चिकटला आणि पुढे इतका वाढला की मूळ अर्थ झाकला गेला.

मराठीत पाहा. 'अ' आणि 'न्याय', मिळून अन्याय. 'इन' आणि 'यूस', मिळून इनयूरिया. घडण अगदी एकाच साच्यातली. 'इंजुअर करणे' याचे मुळाला धरून मराठी करायचे तर 'अन्याय करणे' असेच करावे लागेल. तो कोश मिटून आम्ही तसेच बसून राहिलो. दवाखान्याच्या कागदावरची ओळ मुळाच्या अर्थाने वाचली, तर तिचा अर्थ होत होता: बाहेरून अन्याय दिसत नाही.

या शब्दाची रोममधली हकीकत ऐकण्यासारखी आहे. इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास रोमन लोकांनी आपले कायदे बारा पाट्यांवर लिहून चौकात लावले. त्यात इनयूरियाचा दर ठरवून दिला होता. कुणी कुणाला थप्पड मारली किंवा तसाच हलका मार दिला, तर २५ तांब्याची नाणी दंड. हाड मोडले तर ३००. पण मोडलेले हाड गुलामाचे असेल तर १५०, म्हणजे निम्मे. हाड तेच, दुखणे तेच, किंमत अर्धी. प्रत्येक वर्णासाठी वेगळी शिक्षा सांगणारा ग्रंथ आपल्याकडेही होता, आणि परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्याचे दहन का केले, हे या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे पैशाची किंमत उतरली आणि २५ नाणी म्हणजे काहीच नाही असे झाले. ऑलस जेलियस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की, ल्युसियस वेरॅटियस नावाचा एक उर्मट श्रीमंत माणूस रस्त्याने चालताना समोर येईल त्याच्या थोबाडीत मारी. मागून त्याचा गुलाम नाण्यांची थैली घेऊन चाले आणि मार खाल्लेल्याच्या हातावर तेथल्या तेथे २५ नाणी ठेवी. हिशेब चुकता! कॅशिअरच्या नजरेने पाहिले तर त्याचे काहीच चुकले नव्हते. ही तऱ्हा पाहून रोमच्या न्यायाधिकाऱ्यांनी ठरावीक दर बाजूला ठेवला आणि अपमान केवढा, कुणासमोर, कोणत्या जागी झाला हे पाहून भरपाई ठरवायची पद्धत आणली. थप्पड मारणे हा गालाचा प्रश्न नाही, हे त्यांना दोन हजार वर्षांपूर्वी उमगले होते. गुलामाला मात्र या सुधारणेचा फारसा उपयोग झाला नाही. त्याला मारले तर अपमान त्याच्या मालकाचा झाला, असे धरले जाई.

फ्रेंच भाषेत याच शब्दाने दुसरी वाट धरली. तेथे 'अँज्यूर' म्हणजे आजही शिवी, आणि त्याचे क्रियापद म्हणजे शिवीगाळ करणे, अपमान करणे. एकाच आईची दोन लेकरे. इंग्रजाच्या घरी वाढले ते जखम झाले, फ्रेंचाच्या घरी वाढले ते शिवी झाले. बाबांच्या कागदावर डॉक्टरांनी तीच ओळ फ्रेंचमध्ये लिहिली असती, तर ती धादांत खोटी ठरली असती.

विद्यार्थ्यांनी याच कुळातले नसलेले, पण याच गल्लीत राहणारे शब्दही पाहून घ्यावेत. शाळेत आपण सगळ्यांचा अर्थ 'इजा करणे' असा एकच लिहितो आणि मार्कही मिळतात. 'हर्ट' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ धडक देणे. 'हार्म' हा इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द. त्यात दुखापतीबरोबर दुःखही होते. 'डॅमेज' लॅटिनमधल्या तोटा या शब्दावरून आला, म्हणून नुकसानभरपाईलाही 'डॅमेजेस' म्हणतात. आमच्या बँकेत रोज भेटणारा शब्द आहे 'म्युटिलेटेड'. फाटलेल्या, तुकडा गेलेल्या नोटेला तो लावतात. लॅटिनमध्ये त्याचे मूळ अवयव तुटलेला, शिंग मोडलेला असे आहे. किती तुकडा शिल्लक असेल तर पूर्ण किंमत द्यायची, किती असेल तर अर्धी, याचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, आणि आम्ही पट्टी लावून ते पाळतो. फाटक्या नोटेची एवढी काळजी घेणारा देश आहे आपला! असो.

आणि आपली 'इजा'? ती अरबीतून आली. 'जखम' फारसीतून. 'दुखापत' या शब्दात दुखणे उघडच दिसते. हे सगळे शब्द दुखण्याविषयी बोलतात, हक्काविषयी एकही बोलत नाही. कायद्याच्या हिंदी अनुवादात 'इंजुरी'ला 'क्षति' असा शब्द योजला आहे. भारदस्त आहे, पण 'क्षत' म्हणजे पुन्हा जखमच. भाषांतर करताना मूळ शब्दातला न्याय गळून गेला. यात अनुवादकाचा दोष आम्ही मानत नाही. इंग्रजीतच तो झाकला गेला होता.

कायद्याने मात्र तो जपून ठेवला होता. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या ४४ व्या कलमात 'इंजुरी'ची व्याख्या होती. बेकायदेशीरपणे केलेला अपाय म्हणजे इंजुरी, आणि तो कशाला होऊ शकतो तर चार गोष्टींना: शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता. शरीराच्या दुखापतीसाठी 'हर्ट' हा वेगळा शब्द वेगळ्या कलमात होता. म्हणजे 'हर्ट' नसताना 'इंजुरी' होऊ शकते, हे कायद्याला १८६० पासून ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण व्याख्येतल्या त्या चार गोष्टी तशाच आहेत.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर आपल्या माणसांना काठ्यांनी मारले, डोकी फुटली. ती जखम सर्वांना दिसली. पण नंतर काय केले? शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' करून घेतले. त्यात कुणाच्या अंगाला काही लागले नाही. तरी हजारो माणसांच्या लौकिकावर तो घाव होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला जाण्याचे ते एक कारण ठरले. त्या वेळी विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. त्याला इंग्रजीत 'इंजंक्शन' म्हणतात. तो 'इंजुरी'चा भाऊ दिसतो, पण कूळ वेगळे; त्याचे मूळ जोडणे या अर्थाच्या धातूत आहे आणि आपला 'योग' त्याचा लांबचा नातेवाईक लागतो. तो दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

आता धम्म या बाबतीत काय म्हणतो? पहिल्या शीलाचा अर्थ आपण 'जीवहत्या करणार नाही' असा सांगतो आणि मटणाच्या वादात अडकतो. पण अकुशल कर्मे दहा सांगितली आहेत, त्यांची वाटणी पाहा. कायेची तीन, वाचेची चार, मनाची तीन. सर्वांत जास्त वाचेची! खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड. यांतल्या कठोर बोलण्याला पालीत 'फरुसा वाचा' म्हणतात. शिवी तेथे येते, आणि ती हात उगारण्याच्या यादीला लागूनच येते. कायदा विचारतो की ज्याच्यावर झाले त्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला की मालमत्तेला अपाय झाला. धम्म करणाऱ्याकडे वळून विचारतो, तू कशाने केलेस, हाताने, जिभेने की मनाने. एक पाहणी घाव झालेल्या बाजूने, दुसरी हत्याराच्या बाजूने. दोन्ही पाहण्या आमच्या बाबांच्या बाबतीत झाल्या असत्या, तर कागद कोरा राहिला नसता.

त्या दिवशी कायदाही नव्हता असे नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला होता. लोकांना दिसेल अशा जागी, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा पाणउतारा व्हावा या हेतूने त्याचा अपमान करणे, हा त्यात दखलपात्र गुन्हा होता. तोरणाच्या खांबापेक्षा उघडी जागा गावात कोणती? पण त्या बाकावर बसलेल्या आम्हा तिघांपैकी कुणालाच हे माहीत नव्हते. आज 'अ‍ॅट्रॉसिटी' हा इंग्रजी शब्द खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. तेव्हा आमच्या वस्तीत तो पोहोचला नव्हता.

कोशात अर्थ सापडला त्या शनिवारी आम्ही गावी गेलो. रात्री जेवणानंतर बाबांना सगळे सांगितले. लॅटिन, रोम, थैलीवाला गुलाम, चार गोष्टी, सगळे. बाबांनी बिडी विझवली. आम्हाला वाटले, त्यांना बरे वाटेल. ते म्हणाले, "मंग त्या दिसी सांगतलं अस्तं तं?"

त्यात राग नव्हता. सहज विचारले होते. माय म्हणाली, "अवं, लेकरू होतं थे." विषय तेथेच संपला. पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही, आणि आज येथे उभे राहण्याचे कारणही तोच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातला कागद बहुधा आपणच वाचतो. दवाखान्याचा, कोर्टाचा, बँकेचा. समोरचा माणूस आपण सांगू तो अर्थ खरा धरतो आणि त्यावर जनावर विकतो, तक्रार मागे घेतो किंवा गप्प बसतो. म्हणून कोश जवळ ठेवा. तक्रार सांगायला जाल तेव्हा फक्त किती लागले ते सांगू नका. काय बोलले, कोण बोलले, कुठे उभे राहून बोलले आणि ऐकायला कोण होते, तेही सांगा. प्रथम खबरीची नक्कल फुकट मिळते, ती घ्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिने एक मोलाची गोष्ट केली. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी ती माहिती देणाऱ्याला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले. कर्तव्यात कसूर केल्यास शिक्षेची तरतूद आहे. वाचून दाखवण्याला कायद्यात जागा मिळाली, हे वाचले त्या दिवशी आम्हाला एस. टी. स्टँडवरचे ते बाक आठवले.

आमच्या काउंटरवरही असे कागद येतात. "साहेब, एवढं वाचून सांगा." रांग मोठी असते, मागचे लोक कुरकुरतात, व्यवस्थापक काचेतून पाहतात. आम्ही वाचून सांगतो. एखाद्या शब्दाची खात्री नसेल तर तसे म्हणतो आणि जेवणाच्या सुट्टीत या, पाहून सांगतो, असे सांगतो. ड्रॉवरमध्ये एक छोटा कोश ठेवला आहे. सहकारी हसतात. हसू देत.

बाबा आता नाहीत. रेशनकार्डाच्या पिशवीतला तो कागद आमच्याकडे आहे आणि आज आम्ही तो बरोबर आणला आहे. ज्या विद्यार्थ्यांना पाहायचा असेल, त्यांनी सभा संपल्यावर टेबलाजवळ यावे. घड्यांवर फाटत आला आहे, तेवढा जपून हाताळावा.